घरी जाऊन शुश्रूषा करणारी संस्था, सोलापूर : स्वयंसेवक म्हणून माझा अनुभव (पाचपैकी चार तारे)

संस्थेचं नाव टाकत नाही. रुग्णांची घरं ओळखू येतात म्हणून त्यांचीच तशी विनंती आहे. खरंच जायचंय त्यांनी कॅन्सरच्या कुठल्याही डॉक्टरला विचारावं, पत्ता मिळतो.

मी एसटीतला निवृत्त कंडक्टर. घरी बसून तोच पेपर दोनदा वाचायचा कंटाळा आला म्हणून गेलो. परोपकार वगैरे नंतर सुचलं.

आधी हे काय आहे ते सांगतो, कारण बरेच जण वृद्धाश्रम समजतात. आजार बरा होणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलेल्या माणसाचं दुखणं, दम, जखमा, झोप एवढं सांभाळायचं, तेही त्याच्याच घरी. मुंबईत वांद्र्याला 1986 पासून शांती आवेदना सदन आहे, पण तिथं खाटा आहेत, दाखल व्हावं लागतं. इथं खाट नाही. केरळात कोळिकोडला 1993 साली हे काम सुरू झालं आणि पुढं गल्लीतल्या माणसांनीच ते उचललं, त्या धर्तीवर हे चालतं. एक सिस्टर, एक ड्रायव्हर, जुनी ओम्नी आणि आपल्यासारखा एखादा रिकामटेकडा.

प्रशिक्षणाला पूर्ण मार्क. पहिल्याच दिवशी आम्हालाच खाटेवर झोपवलं आणि हलायचं नाही म्हणाले. पाठीखाली चादरीला एक चुणी होती. थोड्या वेळानं त्या चुणीशिवाय दुसरं काही सुचेना. मग सिस्टर म्हणाल्या, "आता यांना दर दोन तासांनी कूस का बदलून द्यायची, ते मी सांगायला नको." टाचा, माकडहाड, खुबा कसा तपासायचा, तोंड आतून कसं पुसायचं, पडल्यापडल्या केस कसे धुवायचे, हे सगळं एकमेकांवर करून दाखवायला लावलं. काय बोलायचं नाही याचाही एक तास होता. "सगळं नीट होईल" म्हणायचं नाही. आणि "आमच्या मेहुण्याला अमक्या काढ्यानं गुण आला" हे तर अजिबात नाही. सोलापूरकराला हे दुसरं फार जड जातं.

औषधाला स्वयंसेवकानं हात लावायचा नाही, हा नियम मला आवडला. पण गोळी समजावून सांगायचं काम आपल्यावर येतं. मॉर्फिन म्हटलं की घरचे घाबरतात, नशेची गोळी म्हणतात. अमली पदार्थांच्या 1985 च्या कायद्यानं ती इतकी अडकवली होती की दवाखानेही ठेवायला कचरायचे. 2014 साली दुरुस्ती झाली तेव्हा वाट जरा मोकळी झाली. घरचे बहुतेक "फारच दुखलं तर देऊ" म्हणून डबीत जपून ठेवतात. ती घड्याळ लावून द्यायची असते, साधी गोळी दर चार तासांनी, आणि जोडीला पोट साफ होण्याचं औषध, कारण तिनं हमखास बद्धकोष्ठ होतो. हे मी इतक्या घरी सांगितलंय की आता तिकीट फाडल्यासारखं तोंडातून येतं.

एक घर सांगतो, ओळख बदलून. पूर्व भागात विड्या वळणाऱ्या एक अक्का. गालाचा कॅन्सर, बार्शीला नर्गिस दत्त हॉस्पिटलात लाईट, म्हणजे रेडिएशन, घेऊन झालेली, पुढं उपाय नाही. जखम बाहेर फुटलेली. दुखण्यापेक्षा वासाचा त्रास जास्त होता. सून उदबत्त्यांवर उदबत्त्या लावायची, त्यानं खोली आणखी कोंदायची, आणि शेजारच्या बाया उंबऱ्याबाहेरूनच "बरं आहे ना?" विचारून परत जायच्या. सिस्टरनं जखम सलाईननं धुतली. जुलाबावरची म्हणून आपल्याला माहीत असते ती मेट्रोनिडॅझोलची गोळी दोन चमच्यांत दाबून भुकटी केली, जखमेवर पसरली, वर गॉज. सुनेच्या हातून एकदा करून घेतलं. पुढच्या खेपेला वास पुष्कळ उतरला होता आणि शेजारीण मांडीवर सूप घेऊन अक्काच्या खोलीतच विड्या वळत बसली होती, दोघींचं तेलुगूत कुणाच्या तरी लग्नावरून जोरात चाललेलं. तंबाखू तिथंच, मला खटकलं. तोंड उघडणार तोच सिस्टरनं डोळ्यांनीच गप्प केलं. बरोबर केलं.

दुसरे एक मामा, आयुष्यभर चादरीच्या कारखान्यात. त्यांना वर सरकवायला आम्ही सोलापुरी चादर दुमडून कमरेखाली घातली, अंगाला टोचू नये म्हणून वर जुनं सुती लुगडं. मामांनी काठ चाचपला आणि म्हणाले, "कुठनं घेतली ही? किनार बघा की." पुढं बराच वेळ मालावर टीका. चांगल्या भेटीत बहुतेक असंच बोलणं होतं.

एक तारा कापला त्याची कारणं. संध्याकाळनंतर फोन उचलत नाहीत, रविवारी तर नाहीच. दुखणं रात्रीच वाढतं, हे त्यांनीच आम्हाला शिकवलंय. कॉलेजची पोरं सर्टिफिकेटपुरती येतात आणि त्यांना ते फार सहज मिळतं. हवेची गादी उसनी देतात हे उत्तम, पण तिचा पंप विजेवर चालतो आणि लाईट गेल्यावर काय करायचं ते घरच्यांना कुणी नीट सांगत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे, माणूस गेला तरी स्वयंसेवकाला कळवायची पद्धत नाही. मी एकदा केळी घेऊन दारात पोचलो, तर आत दहाव्याची यादी चाललेली. त्या घरच्यांनीच मला सांभाळून घेतलं, बसवलं, चहा दिला. एक फोन करायला काय लागतं? तक्रार केलीय. बघतो म्हणालेत.

कुणी जावं? ज्याला आठवड्याचा एक ठरलेला अर्धा दिवस देता येतो आणि गप्प बसवतं, त्यानं. तेलुगू किंवा कन्नड येणाऱ्यांची फार गरज आहे. मराठी बोलणारे आम्ही ढीगभर आहोत, आणि दुखणारा माणूस आपल्या घरच्या भाषेतच कण्हतो. भाषण द्यायची हौस असलेल्यांनी गणपती मंडळात जावं. पेट्रोल आपल्या खिशातलं, हे आधीच धरून चाला.

उन्हाळ्यात सकाळची पाळी मागून घ्या, दुपारी पत्र्याच्या खोलीत डोकं चालत नाही. आणि पाण्याची बाटली घरून न्या. नळ चार-पाच दिवसांनी येतो. ज्या घरात रोज चादरी धुवाव्या लागतात, तिथं तांब्याभर पाणीही मागू नये.