एलडीएल 158 आणि घरचं ताट : दूध सोडायचं, ताटात भर घालायची की गोळी सुरू करायची?

"आपण पिढीजात शाकाहारी. अंडंसुद्धा घरात येत नाही. मग कोलेस्टेरॉल वाढलं कुठून?" रिपोर्ट हातात घेऊन माझ्या वडिलांनी हा प्रश्न विचारला होता. तेव्हा मला उत्तर देता आलं नाही. आज देता येतं, आणि ते आधी सांगायला हवं, कारण पुढची सगळी तुलना त्याच्यावर उभी आहे.

रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल आपलं शरीरच तयार करतं, आणि त्यात यकृताचा वाटा मोठा असतो. रक्तातलं एलडीएल, म्हणजे धमन्यांत साचणारं 'वाईट' कोलेस्टेरॉल, खेचून घेण्यासाठी यकृताच्या पेशींवर ग्राहक-रेणू असतात. त्यांचा शोध लावल्याबद्दल ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना 1985 चं नोबेल मिळालं. आहारात संपृक्त चरबी (सॅच्युरेटेड फॅट) वाढली की हे ग्राहक कमी होतात आणि एलडीएल रक्तातच फिरत राहतं. संपृक्त चरबी मटणात असते तशीच सायीत, तुपात, पनीरमध्ये आणि खोबऱ्यातही असते. अर्धा लिटर फुल क्रीम दुधात सुमारे 30 ग्रॅम चरबी असते. तिच्यातली दोन तृतीयांश, म्हणजे 20 ग्रॅमच्या आसपास, संपृक्त. 2000 कॅलरी खाणाऱ्या माणसाने दिवसभरात 22 ग्रॅमच्या पुढे जाऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं. साय काढली म्हणजे दूध हलकं झालं असं आपण मानतो, पण त्याच सायीचं तूप कढवून त्याच घरातल्या पोळीवर येतं.

आता धरून चालू की तुमचा एलडीएल 158 (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) आहे, ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसरी चरबी, थोडे चढे आहेत, मधुमेह नाही, हृदयविकार नाही. तुमच्यासमोर तीन वाटा आहेत.

पहिली वाट : दूधदुभत्यासह सगळं प्राणिजन्य बंद

डेन्मार्कमधल्या संशोधकांनी 2023 मध्ये 30 चाचण्या एकत्र करून पाहिल्या. त्यांत मिळून 2372 माणसं होती. मिश्राहारींच्या तुलनेत शाकाहारी आणि पूर्ण वनस्पतीजन्य आहार घेणाऱ्यांचा एलडीएल सरासरी 10 टक्क्यांनी कमी झाला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने जुळ्या भावंडांच्या 22 जोड्या घेतल्या. प्रत्येक जोडीतल्या एकाला आठ आठवडे पूर्ण वनस्पतीजन्य जेवण आणि दुसऱ्याला चांगलं, पण मांस-अंडी असलेलं जेवण दिलं. पहिल्या गटाचा सरासरी एलडीएल 110.7 वरून 95.5 वर आला, तर दुसऱ्याचा 118.5 वरून 116.1 वर.

तुमच्या 158 चे 10 टक्के गेले तर उरतात 142. पण हा हिशोब मटण-चिकन सोडणाऱ्याचा. तुम्ही आधीच शाकाहारी असाल तर तुमच्या हातात फक्त दुधातल्या चरबीचा वाटा आहे. घरात रोज तूप, पनीर आणि सायीचं दही असेल तर तो वाटा मोठा. टोन्ड दुधाचा दोन वेळा चहा एवढंच असेल, तर दूध पूर्ण सोडूनही आकडा फारसा हलणार नाही.

या वाटेवर दोन खड्डे आहेत. पहिला, दूध सोडून नारळाचं दूध धरणं. खोबरेल तेलात कोलेस्टेरॉल शून्य असतं, पण त्यातली जवळजवळ 90 टक्के चरबी संपृक्त, म्हणजे तुपापेक्षाही जास्त. फरसाण आणि बिस्किटांतलं पाम तेलही वनस्पतीचंच, आणि त्यातली निम्मी चरबी संपृक्त. दुसरा खड्डा आपल्याकडे जास्त खोल आहे. दूध-पनीर गेल्यावर ताटातली जागा भात, पोहे, साबुदाणा, पाव यांनी भरली, तर एलडीएल थोडा उतरतो आणि ट्रायग्लिसराइड चढतात. आपल्या लोकांमध्ये चढे ट्रायग्लिसराइड आणि कमी एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल) ही जोडी आधीच सर्रास दिसते. शिवाय बी-12 ची गोळी या आहारात कायमची घ्यावी लागते. ते जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही.

दुसरी वाट : काय सोडायचं यापेक्षा काय घालायचं

मला ही वाट सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि आपल्याकडे हिच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. टोरांटोचे आहार-संशोधक डेव्हिड जेनकिन्स यांनी चार गोष्टी एकत्र केल्या : सुकामेवा, सोयाचं प्रथिन, बुळबुळीत तंतू आणि वनस्पतींतले स्टेरॉल (कोलेस्टेरॉलसारखेच, पण आतड्यात त्याचं शोषण अडवणारे पदार्थ). 2003 च्या त्यांच्या चाचणीत 46 माणसं होती आणि महिनाभर जेवण संशोधकांनीच पुरवलं. नुसत्या कमी चरबीच्या जेवणाने एलडीएल 8 टक्के उतरला, या चौकडीने 28.6 टक्के, आणि लोवास्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधाच्या 20 मिलिग्रॅम गोळीने 30.9 टक्के.

बुळबुळीत तंतूंसाठी त्यांनी ओट्स, बार्ली आणि इसबगोल यांच्यासोबत भेंडी आणि वांगी निवडली होती. हे वाचलं तेव्हा मला मनापासून आनंद झाला. भेंडीच्या ज्या चिकटपणाला आपण लिंबू पिळून घालवतो, तोच आतड्यात पित्ताम्ल (यकृत कोलेस्टेरॉलपासून बनवतं ते पित्तातलं आम्ल) धरून ठेवतो. ते शरीराबाहेर गेलं की यकृताला नवं पित्त बनवावं लागतं आणि त्यासाठी ते रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं.

पण महिनाभर आयतं ताट मिळणं वेगळं आणि घरी रोज रांधणं वेगळं. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जेनकिन्स यांच्याच गटाने कॅनडात साडेतीनशे लोकांना फक्त सल्ला दिला, जेवण दिलं नाही. सहा महिन्यांनी घट 13 ते 14 टक्क्यांच्या आसपास होती. तुमचा 158 यात 137 च्या जवळ येतो. मूळ मापाने रोज चाळीसेक ग्रॅम सोया प्रथिन लागतं, म्हणजे कोरडे सोया चंक्स जवळजवळ 80 ग्रॅम. कुठल्याही घरात हे रोज होणार नाही. आठवड्यातून तीनदा सोया आणि बाकी दिवस मटकी, चवळी, हरभऱ्याची उसळ, हे निभतं. मूठभर शेंगदाणे किंवा बदाम, पण तळलेले-खारवलेले नकोत. जवसाची चटणी रोज चमचाभर. ओट्स आवडत नसतील तर सातूचं, म्हणजे बार्लीचं, पीठ आहे. रोज 10 ग्रॅम इसबगोल मोठा पेलाभर पाण्यासोबत घेतलं तर तेवढ्यानेच एलडीएल साधारण 5 ते 10 टक्के उतरू शकतो. मात्र दुसरी औषधं चालू असतील तर त्यांच्यात आणि इसबगोलात दोन तासांचं अंतर ठेवा.

तिसरी वाट : गोळी

अटॉरवास्टॅटिन 10 मिलिग्रॅमने एलडीएल सुमारे 35 ते 40 टक्के कमी होतो, म्हणजे 158 चे शंभरच्या आसपास. कुठलंही ताट इतक्या खात्रीने इतकं करत नाही. एलडीएल 190 च्या वर असेल, हृदयविकार होऊन गेला असेल किंवा चाळिशीनंतर मधुमेह असेल, तर आहार की गोळी ही निवडच उरत नाही. दोन्ही लागतात. 190 च्या वरचा आकडा बऱ्याचदा आनुवंशिक असतो, तेव्हा घरातल्या मुलांचीही तपासणी करून घ्या. आणि आहार सुधारला म्हणून चालू गोळी परस्पर बंद करू नका. मी जवळच्या माणसांना हे करताना पाहिलंय आणि फार वाईट वाटलंय.

लांबच्या पल्ल्याचा हिशोब

अमेरिकन डॉक्टर डीन ऑर्निश यांच्या 1990 च्या कॅलिफोर्नियातल्या अभ्यासात अत्यंत कमी चरबीचा शाकाहार, व्यायाम आणि ताणमुक्ती यांनी, गोळीशिवाय, एलडीएल वर्षभरात 37 टक्क्यांनी खाली आला. पाच वर्षांनी तीच घट 20 टक्क्यांवर आली होती. तीही मोठीच, पण सतत आधार मिळणाऱ्या, ठाम माणसांचीसुद्धा पकड सैल होते हे यातून दिसतं. म्हणून 158 वाल्या, बाकी धडधाकट माणसाला मी दुसरी वाट सुचवेन. तिच्यासोबत दूध डबल टोन्ड, तूप सणावारापुरतं आणि रोजच्या फोडणीला करडई किंवा शेंगदाण्याचं मोजकं तेल. घरातल्या बाकीच्यांनाही हे जेवण चालतं, वेगळा स्वयंपाक लागत नाही, आणि ज्याच्यासाठी वेगळा स्वयंपाक लागतो तो आहार फार दिवस टिकलेला मी पाहिला नाही. प्राण्यांसाठी किंवा पर्यावरणासाठी तुम्हाला दूध सोडायचंच असेल तर जरूर सोडा, फक्त वरची चौकडी ताटात आणा.

कोकण-गोव्यातल्या वाचकांना एक सांगणं. बांगडा-तारली सोडून एलडीएलमध्ये विशेष काही हाती लागणार नाही. त्यांच्यातलं ओमेगा-3 ट्रायग्लिसराइड उतरवायला मदतच करतं. कमी करायचं तर कालवणातलं खोबरं कमी करा.

बदल सुरू केल्यावर आठ ते बारा आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये, रात्रभर उपाशी राहून लिपिड प्रोफाइल पुन्हा करा. एलडीएलच्या शेजारी ट्रायग्लिसराइडही बघा. ते वाढले असतील तर भात-पोह्यांना कात्री लावा आणि उसळीची वाटी मोठी करा. एलडीएल 158 वरून जेमतेम 150 वर आला असेल, तर दोन्ही रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे जा आणि गोळीबद्दल स्वतःहून विचारा.