पुस्तकांच्या दुकानाचं पत्रक : नऊ महिन्यांनंतर

पणजीतल्या एका छोट्या, स्वतंत्र दुकानाचं वाचनपत्रक मी फेब्रुवारीपासून घेते आहे. महिन्यातून एकदा निघतं, दोन पानं, पाठपोट छापलेली. व्हॉट्सअ‍ॅपवर फुकट मिळतं. कागदावर हवं असेल तर वर्षाचे ३०० रुपये, तेही टपालखर्चापुरते. मी कागदावरचं घेतलं. सकाळी चोडणहून फेरीबोटीने येताना आणि पुढे बसमध्ये ते नीट वाचून होतं, समासात खुणा करता येतात.

या नऊ महिन्यांत पत्रकावरून मी १४ पुस्तकं घेतली. दहा शेवटपर्यंत वाचली, एक चालू आहे, तीन चुकली. याआधी ऑनलाइन तारे बघून मागवलेल्यांपैकी निम्मी तरी कपाटात तशीच राहिली होती, म्हणून मला हा हिशोब महत्त्वाचा वाटतो.

पत्रकातल्या प्रत्येक शिफारशीखाली एक ओळ असते, 'कोणी घेऊ नये'. पहिल्या अंकात ती बघितली आणि त्याच दिवशी नाव नोंदवलं. एका गाजणाऱ्या इंग्रजी कादंबरीखाली लिहिलं होतं, की सुरुवातीची शंभर पानं रेटून वाचावी लागतात, प्रवासात वाचणाऱ्यांनी घेऊ नये. मी घेतली नाही. दुकानातही तोच प्रकार. जाड चरित्र हातात घेऊन काउंटरवर गेले, तर तिथल्या ताईंनी स्वच्छ सांगितलं, "हें तुमकां आवडचें ना. व्हरूं नाकात." (नेऊ नका.) मी मागच्या महिन्यात काय नेलं होतं ते त्यांच्या लक्षात होतं. कधी कधी तर पत्रकातच लिहिलेलं असतं, की हे पुस्तक महाग आहे, पाटोच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जाऊन वाचा. ते ग्रंथालय १८३२ पासूनचं, आपल्याकडे सार्वजनिक आणि सगळ्यांसाठी उघडं. पण दुकानदाराने गिऱ्हाइकाला तिकडे पाठवावं हे मी आधी कुठे पाहिलं नव्हतं.

मार्चच्या अंकात धर्मानंद कोसंबींचं 'निवेदन' हे आत्मचरित्र होतं. नाव शाळेपासून ऐकलेलं, पुस्तक कधी उघडलं नव्हतं. पत्रकात सात-आठ ओळीच होत्या : १८७६ साली साखवाळला जन्मलेला, शाळेत फारसं न शिकलेला मुलगा 'बालबोध' या मुलांच्या मासिकात बुद्धाची माहिती वाचतो, आणि तिच्या ओढीने पुढे घर सोडतो. पुणे, काशी, नेपाळ, सिंहल, ब्रह्मदेश, आणि शेवटी अमेरिकेतलं हार्वर्ड. शिफारस लिहिणाऱ्याने एकच सूचना केली होती, की घर सोडण्याआधीचा भाग घाईने उरकू नका. मी तसंच केलं. माड-पोफळींतलं घर, बायको-मुलीला मागे ठेवून जाण्याची घालमेल, पैशांची ओढाताण, हे सगळं त्यांनी इतक्या सरळ मराठीत लिहिलंय की बोट रिबंदरच्या धक्क्याला लागली तरी मी बाकावरून उठले नव्हते. साखवाळवरून मी कितीदा तरी गेले आहे. आता तिथून जाताना खिडकीबाहेर बघते.

पावसाळ्यात आलेली शिफारस मात्र अवघड होती, 'ख्रिस्तपुराण'. थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट धर्मप्रसारक १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१६ मध्ये राशोलला त्यांचं हे ओवीबद्ध मराठी पुराण छापलं गेलं, तेही रोमन लिपीत. एवढं मला माहीत होतं. पण दुकानात जाऊन नेमकी कुठली प्रत मागायची? पत्रकाने ते समजावून दिलं : १९०७ ची मंगळूरची आवृत्ती रोमन लिपीत, अभ्यासकांसाठी, देवनागरीत वाचायचं तर १९५६ मधली शांताराम बंडेलूंची, तीही ग्रंथालयात बसून. सलग वाचू नका, रोज पन्नास ओव्या मोठ्याने म्हणा, असंही लिहिलं होतं. मी शनिवारी पाटोला जाऊन वाचते, अर्थात मनातल्या मनात. वर 'एक चालू आहे' म्हटलं ते पुस्तक हेच. विकत न घेताही मी ते हिशोबात धरलंय.

आमच्या घरात बोलणं कोंकणी आणि वाचणं मराठी, गोव्यातल्या पुष्कळ घरांसारखंच. देवनागरी कोंकणी मला वाचता येते, पण हात कधी त्या फळीकडे गेला नव्हता. मे महिन्यात पत्रकाने दामोदर मावजोंची 'कार्मेलीन' सुचवली. १९८१ ची कादंबरी, १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली. घर चालवण्यासाठी आया म्हणून कुवेतला गेलेल्या बाईची गोष्ट. पहिली वीस पानं अडखळत गेली. मग स्वयंपाकघरात रोज ऐकू येणारे शब्द छापलेले दिसायला लागले आणि वेग आपोआप आला. माझी आई फक्त वर्तमानपत्र वाचते. तिने ती दोन वेळा वाचली. यासाठी मी त्या दुकानाची ऋणी आहे, हे इथे लिहायलाच हवं.

आता खटकलेल्या गोष्टी. बातम्यांचा भाग कमजोर आहे. लेखकभेट, जुन्या पुस्तकांचा लॉट, प्रकाशन समारंभ, सगळं महिन्याच्या पत्रकात देतात आणि टपाल उशिरा येतं. एका वाचनाची बातमी माझ्या हातात पडली ती कार्यक्रम होऊन गेल्यावर चार दिवसांनी. बातम्या व्हॉट्सअ‍ॅपवरच पाठवाव्यात. सुरुवातीच्या अंकांत मराठी फार थोडं होतं, दहा शिफारशींत एखादं. मी दोनदा लिहून कळवलं. ऑगस्टपासून तीन-चार असतात. पुण्याहून येणारं मराठी पुस्तक तीन आठवडे लावतं, तेवढा धीर धरावा लागतो. चुकलेली तिन्ही पुस्तकं नव्या कवितेची होती. कवितेवर लिहिणारे जे कोणी आहेत ते नुसतं कौतुक करतात, एक ओळही उलगडून दाखवत नाहीत. बोरकरांच्या मातीत कवितेबद्दल असं मोघम लिहिलेलं मला सोसत नाही.

जुलैत मिळालेल्या एका पुस्तकाच्या आतल्या पानांवर बुरशी होती. कुरकुर न करता बदलून दिलं. त्याआधीच्या जूनच्या अंकात पुस्तकं पावसाळ्यात कशी जपायची यावर अर्धं पान होतं, ते मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय : फळी भिंतीपासून चार बोटं दूर, पुस्तकं ठासून भरायची नाहीत, प्लास्टिकमध्ये गुंडाळायची नाहीत, उघडीप मिळाली की पंख्याखाली उभी करायची पण कडक उन्हात नाही. यंदा चवथीच्या साफसफाईत एकाही पुस्तकाला वास आला नाही.

नाव नोंदवायला दुकानातच जावं लागतं. वहीत नाव, पत्ता, कुठल्या भाषा वाचता आणि शेवटचं पूर्ण केलेलं पुस्तक कोणतं, एवढं लिहून घेतात. गेल्या आठवड्यात मी आईचं नावही घातलं. भाषांच्या रकान्यात मराठी, कोंकणी, आणि खाली कंसात : अक्षर मोठं हवं.