रीच ट्रक, आर्टिक्युलेटेड की व्हीएनए: गोडाऊनची गल्ली किती अरुंद करावी?

मागे जड वजन असलेल्या साध्या काउंटरबॅलन्स फोर्कलिफ्टला रॅकमध्ये वळायला साधारण ३.६ मीटरची गल्ली लागते. फोर्क पुढे-मागे सरकवणाऱ्या रीच ट्रकचं २.८ मीटरमध्ये भागतं, पुढून कंबरेत वळणाऱ्या आर्टिक्युलेटेडचं २ मीटरमध्ये. व्हीएनएला (व्हेरी नॅरो आइल, म्हणजे अतिअरुंद गल्लीसाठीचं मशीन) १.७ मीटर पुरतात, कारण ती गल्लीत वळतच नाही, नुसते फोर्क डावी-उजवीकडे फिरवते.

आता ६० मीटर रुंदीचं गोडाऊन घ्या. पाठीला पाठ लावलेल्या दोन रॅक, मालासकट २.५ मीटर धरा. काउंटरबॅलन्सवर अशा ९ जोड्या बसतात, रीच ट्रकवर ११, आर्टिक्युलेटेडवर १३ आणि व्हीएनएवर १४. म्हणजे जागेचा मोठा फायदा पहिल्या दोन टप्प्यांतच पदरात पडतो. शेवटच्या एका जोडीसाठी मात्र बरंच काही मोजावं लागतं. गल्लीच्या टोकाला व्हीएनएला बाहेर पडून वळायला ऐसपैस जागा सोडावी लागते, त्यात त्या जोडीतला काही फायदा परत जातो.

खरी गोची फरशीची. मास्ट (फोर्क वर नेणारा उभा खांब) १२ मीटर वर गेला की खालच्या दोन-तीन मिलिमीटरच्या उंचसखलपणाचा वरती चांगलाच झोल होतो. त्यामुळे व्हीएनएची फरशी मुद्दाम सपाट करून घेतात, शिवाय मशीन सरळ चालावं म्हणून जमिनीत वायर किंवा बाजूला रेल बसवतात. भिवंडीत भाड्याने घेतलेल्या गोडाऊनच्या नेहमीच्या ट्रायमिक्स काँक्रीट फरशीवर हे गृहीत धरू नका. भाडेकरार तीन-पाच वर्षांचा असेल, तर मालकाच्या फरशीवर एवढा खर्च करायला माझं तरी मन धजणार नाही.

जागा स्वतःची, छत १२ मीटरच्या वर आणि पॅलेटची सतत ये-जा असेल, तर व्हीएनएला तोड नाही. मॅन-अप प्रकारात ऑपरेटर मालाबरोबर वर जातो, त्यामुळे वरूनच सुटे खोकेही काढता येतात. पण ती गल्लीत असताना पायी माणूस आत नको, हा नियम पाळून घ्यावा लागतो.

रीच ट्रक मधला, भरवशाचा पर्याय. चालवणारे सहज मिळतात. त्याची छोटी पॉलियुरेथेन चाकं अंगणातल्या खड्ड्यांत टिकत नाहीत, म्हणून बाहेरून आलेला मालाचा ट्रक उतरवायला वेगळं मशीन ठेवावं लागतं. आर्टिक्युलेटेड इथेच बाजी मारते: रबरी टायरवर अंगणातून माल उचलून थेट रॅकला लावते. पाळीला जेमतेम १०-१५ ट्रक येत असतील, तर दोन मशिनांऐवजी एक घेण्यात शहाणपण आहे. मात्र ती चालवायचा हात बसायला वेळ लागतो, घाईत रॅकचे खांब ठोकले जातात.

कोटेशन हातात आलं की वरच्या कप्प्यावर मशीन किती वजन उचलेल, हा आकडा लेखी मागा. प्लेटवर दीड टन लिहिलेलं मशीन १० मीटरवर तेवढं उचलेलच असं नाही.