सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स: उन्हाळा-हिवाळा खेळून झाल्यावर

स्कॉटलंडमधल्या या गोल्फ कोर्सवर पहिल्या भेटीत बरेच जण नाक मुरडतात. झाडं नाहीत, तळी नाहीत, पहिला आणि अठरावा फेअरवे (खेळायचा कापलेल्या गवताचा पट्टा) मिळून एकच मोकळं मैदान. पुण्यात झाडांच्या रांगांमधून खेळलेल्या माणसाला टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, उभं राहून 'मारायचं कुठे?' असाच प्रश्न पडतो. कोर्स ते सांगत नाही, आणि माझ्या मते लिंक्सचं, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवरच्या कोर्सचं, मोठेपण तेच आहे.

गवत फेस्क्यू आणि बेंटचं, खाली वाळू. पाऊस मुरतो आणि जमीन टणकच राहते, म्हणून चेंडू पडला की पुढे घरंगळतो आणि तो कुठे जाणार हे उंचवटे ठरवतात. उंच मारून ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) थांबवायची सवय इथे महागात पडते. वेज (चेंडू उंच उडवायची काठी) बॅगेतच राहते, ग्रीनबाहेर तीस-चाळीस यार्डांवरूनही मी पटरच (चेंडू घरंगळवायची काठी) काढतो. अठराव्यासमोरच्या 'व्हॅली ऑफ सिन' या खोलगट भागातून जोर जरा कमी पडला, की चेंडू चढावरून फिरून पायाशी हजर!

बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, 112. काही टीवरून दिसतच नाहीत. चौदाव्यावर 'हेल' बंकरवरून दुसरा फटका मारायचा की डावीकडे पाचव्याच्या फेअरवेवर जायचं, हे वारा बघून ठरतं. काल जिथून सहज पार झालं, तिथे आज समोरून वारा असेल तर नाद सोडायचा. अकरावा तर छोटासा पार थ्री (तीन फटक्यांत संपवायचा होल), पण 1921 च्या ओपन स्पर्धेत अमेरिकन गोल्फपटू बॉबी जोन्सने तिथेच कंटाळून खेळ सोडला. 1927 मध्ये याच कोर्सवर तो ओपन जिंकला. टायगर वूड्स 2000 च्या ओपनमध्ये चारही फेऱ्यांत एकाही बंकरमध्ये गेला नाही. ताकद त्याच्याकडे होतीच, पण ही करामत जागा निवडण्याची.

ग्रीन फक्त 11, त्यातली 7 जोडग्रीन, म्हणजे दोन होलांना मिळून एक. जोडीतल्या होलांची बेरीज नेहमी 18. चुकीच्या अर्ध्यात पडलात तर पट मारताना खांद्यातून जोर लावावा लागतो.

तक्रारी आहेतच. हिवाळ्यात फेअरवेवर चटईचा तुकडा टाकून त्यावरून मारावं लागतं. गवत वाचतं, पण घट्ट जमिनीवरून आयर्न (लोखंडी काठी) मारण्याची मजा जाते. बॅलटमध्ये (खेळायची वेळ देणाऱ्या सोडतीत) नाव येईलच असं नाही. आणि अठराव्यावरच्या स्विल्कन पुलावरचं फोटोसेशन... खोळंबा ठरलेलाच.

एकदाच येणार असाल तर रविवार हाताशी ठेवा. त्या दिवशी एरवी खेळ बंद असतो आणि गावकरी कुत्री घेऊन कोर्सवर फिरतात. सतराव्याचं ग्रीन मागच्या रस्त्यावरून नीट बघून घ्या: पुढे डावीकडे खोल बंकर, मागे रस्ता आणि भिंत, मध्ये अरुंद पट्टी. सोमवारी खेळताना थेट झेंड्याकडे न मारता उजवीकडे, थोडं अलीकडे ठेवा. तिथून पटरने एकूण पाच फटके झाले तरी चांगलेच.