जुन्या लुगड्याची गोधडी: एक हिवाळा, एक उन्हाळा आणि निम्मा पावसाळा वापरून

गोधडी विकत मिळते. नाशकात दारावर येऊन शिवून देणाऱ्या बायका अजून येतात, आणि ऑनलाइन तर 'हँडमेड' म्हणून हजार-दोन हजारांच्या पुढे हव्या तितक्या आहेत. तरी गेल्या पावसाळ्यात मी घरीच, हाताने एक शिवली. दिवाळीपासून ती रोजच्या वापरात आहे. आता तिच्याबद्दल चार गोष्टी खात्रीने सांगता येतील, म्हणून हे लिहितेय. ज्यांना फक्त निकाल हवाय त्यांच्यासाठी: पांघरूण म्हणून दहापैकी सात. शिवण्याचं काय, ते जरा ऐसपैस सांगावं लागेल.

आधी माप आणि माल. आजेसासूबाईंचं एक सुती लुगडं कपाटात तळाशी पडून होतं. नऊ वार म्हणजे 27 फूट. त्याच्या चार घड्या घातल्या की एकेक घडी पावणेसात फुटांची होते, म्हणजे सहा फुटी माणसाच्या पायाखालीही वीतभर उरते. कात्री न लावता चार थर तयार. त्याच्या वर-खाली सासूबाईंची मऊ झालेली सहावारी: 18 फुटांतले साडेतेरा फूट दोन बाजूंना गेले आणि साडेचार फूट उरले, ते काठाला आणि कोपऱ्यातल्या त्रिकोणांना. रुंदी साडीच्या पन्ह्याएवढी, पावणेचार फूट. असे सहा थर, एकेरी अंथरुणाचं माप, वजन दीड किलोच्या आतबाहेर. दोरा, सुया आणि अंगुस्तान मिळून अडीचशे रुपयांच्या आत खर्च.

कपडा जुना आणि सुतीच हवा, याबाबत सासूबाई अजिबात ऐकून घेत नाहीत आणि वापरल्यावर मलाही ते पटलंय. धुऊन धुऊन खळ पूर्ण गेलेली असते, सूत सैल पडलेलं असतं, सुई लोण्यात गेल्यासारखी जाते. घाम शोषला जातो. हल्ली नव्या कोऱ्या छापील कापडाच्या गोधड्या मिळतात, दिसायला सुरेख असतात. मैत्रिणीकडे एक पांघरून पाहिली. ती अंगाला लपेटत नाही, तंबूसारखी उभी राहते. पाच वर्षांनी होईल मऊ, तोवर कोण थांबणार! जॉर्जेट, नायलॉन वगैरे मी घेतलंच नाही. आत्याने प्रेमाने एक फुलाफुलांची नायलॉनची साडी दिली होती, ती पायपुसण्यासाठी ठेवलीय. जरीचे काठही काढून टाकले. जर हनुवटीला टोचते, आणि नेमकी हनुवटीलाच टोचते.

लुगडं उलगडलं तेव्हा एक गोष्ट कळली. ते सगळीकडे सारखं झिजलेलं नव्हतं. पदराकडचा भाग जवळपास घट्ट होता, निऱ्यांचा भागही ठीक. मागचा भाग, जिथे बाई बसते-उठते तिथला, इतका विरला होता की उजेडाकडे धरला तर पलीकडची खिडकी दिसत होती. आजींना मी पाहिलेलं नाही. त्या कुठल्या बाजूला कलून बसायच्या हे मात्र त्या कापडावरून सांगता येत होतं, उजव्या अंगाला. सासूबाई म्हणाल्या, "हो, गुडघा दुखायचा त्यांचा." तो विरलेला भाग मधल्या थरात जाईल अशा बेताने घड्या घातल्या.

मग शिवण. हॉलमध्ये चटईवर सगळं ताणून पसरायचं, चार कोपऱ्यांवर वजन ठेवायचं (आमच्याकडे वरवंटा, खलबत्ता आणि मुलाच्या दोन जाडजूड गाईड), आणि हातभर अंतरावर कच्चे टाके घालून थर एकमेकांना धरून ठेवायचे. ते झालं की खरा धावदोरा. काठापासून सुरू करून चारी बाजूंनी आत आत जायचं, ओळीत अंतर दोन बोटांचं. अंतर वाढलं की आतले थर धुताना गोळा होतात; फार दाट घेतलं की गोधडी कडक होते.

माझा पहिला कोपरा वळला तेव्हा सासूबाई शेजारी येऊन बसल्या. "अगं, एकेक टाका घेऊन ओढतेस कशाला? चार टाके भरू दे सुईवर, मग ओढ."

"सहा थर आहेत आई, सुई वाकेल."

"नाही वाकत. सुई हलवू नकोस, कापड हलव."

हीच खरी युक्ती. उजव्या हातात सुई जवळपास स्थिर धरायची आणि डाव्या हाताने कापड वरखाली करत सुईवर चढवायचं. डावा हात गोधडीखाली असतो, टोक कुठे आलं ते दिसत नाही, बोटालाच कळतं. सुरुवातीला ते टोचून कळतं. नंतर तर्जनीच्या शेंड्याला बारीक घट्टा पडतो आणि टोक नुसतं टेकलं तरी समजतं. दोरा हातभरच घ्यायचा, लांब घेतला की पीळ बसून गाठी होतात. दोऱ्यावरून मेणबत्तीचा तुकडा एकदा फिरवायचा. गाठ आतल्या थरात ओढून घ्यायची, म्हणजे बाहेर काही दिसत नाही आणि अंगालाही लागत नाही.

एकदा बसल्या बसल्या हिशेब केला होता. या मापाची गोधडी, दोन बोटांच्या अंतराने, म्हणजे साधारण 75 मीटर शिलाई. असे आकडे शिवायच्या आधी काढू नयेत.

माझी वेळ ठरलेली होती. जेवणं आवरली, ओटा पुसला, की दहाला रेडिओवर विविध भारतीचं छायागीत लावायचं आणि बसायचं. दोन्ही हात गुंतलेले, त्यामुळे फोन घेता येत नाही. दोरा संपेपर्यंत उठवत नाही आणि संपला की 'अजून एकच' म्हणून पुन्हा ओवला जातो. दिवसभर ऑफिसात मी जे काम करते ते दुसऱ्या दिवशी तसंच समोर उभं असतं. इथे ओळ पूर्ण झाली की झाली, हात फिरवला की बोटांना लागते. आमच्या घरात त्या वेळी कुणी मुद्दाम बोलायला येत नसे, पण येऊन बसत मात्र सगळे. नवऱ्याने दोरा ओवून ओवून पाच-सहा सुया तयार ठेवायचं काम आपणहून घेतलं. त्याला ते बऱ्यापैकी जमतं. शिवायला दिलं तर एक टाका इंचाचा आणि एक तांदळाएवढा येतो, ती एक ओळ तशीच ठेवलीय, डावीकडून चौथी.

ठिगळांबद्दल थोडं. वरच्या साडीवर दोन ठिकाणी वीण गेली होती, तिथे ठिगळं लावायची होतीच. एक नवऱ्याच्या जुन्या लुंगीचं, एक उशीच्या अभ्र्याचं. लाल-मरून तुकडे आधी वेगळे भिजवून रंग जातो का ते पाहून घेतलं. मुलाचा बालवाडीचा शर्ट होता, त्याचा खिशाचा भाग कापून पायाकडे लावला. खिसा शिवून बंद करणार होते, तो म्हणाला राहू दे. राहू दिला. आता त्यात कायम काहीतरी असतं: स्केचपेनची टोपणं, गोट्या, एकदा चिंचोके. धुण्याआधी खिसा तपासायचा, हे गोधडीच्या बाबतीत बहुधा फक्त आमच्याच घरात होत असेल.

आता वापर. दिवाळी ते डिसेंबरचा मध्य या काळात तिला तोड नाही. कापसाच्या रजईत मध्यरात्री घाम फुटतो आणि पाय बाहेर काढावे लागतात. ही थंडी फक्त अडवते, उकडू देत नाही. थरांमध्ये अडकलेली हवा ऊब धरते, आणि सूत असल्यामुळे अंगाची वाफ आत कोंडत नाही. पहिल्या मिनिटाला गार लागते, मग जिथे आपण असतो तिथे तापते. अंगावर पडते कशी, तर सगळीकडून टेकते, मानेपाशी फट राहत नाही. पॉलिस्टरच्या ब्लँकेटमध्ये हिवाळ्यात अंधारात चटचट ठिणग्या उडतात, केस उभे राहतात, तोही प्रकार नाही.

पण निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर येतो ना, त्या दिवसांत ही पुरत नाही. सहा थर त्या थंडीला कमी आहेत. वर एक ब्लँकेट घ्यावं लागलं आणि मग गोधडीची मजा अर्धी गेली. सासूबाईंच्या माहेरच्या गोधड्या आठ-दहा थरांच्या, लहान पोराला उचलवायच्या नाहीत इतक्या जड असायच्या, त्याला कारण होतं. माझे तीन मार्क गेले त्यातला एक इथे.

उन्हाळ्यात ती अंथरायला निघाली. फरशीवर घातली की गादीपेक्षा गार. दुपारी पंख्याखाली मुलगा तिच्यावरच लोळत असतो. गावी अंगणात झोपताना खाली हीच. एसी लावणाऱ्यांना पांघरायलाही चालेल, आमच्याकडे एसी नाही.

धुण्याचा प्रश्न मोठा आहे आणि यावर कुणी मोकळेपणी बोलत नाही. कोरडी दीड किलोची गोधडी भिजली की माणसाला एकट्याने पिळवत नाही. जवळच्या लाँड्रीवाल्याने बघूनच हात वर केले. आमच्या वॉशिंग मशीनमध्ये ती एकटी टाकली तर मावते, पण पिळताना एका बाजूला गोळा होते आणि मशीन बाथरूमभर चालायला लागतं. उपाय: अर्ध्या तासासाठी बादलीत भिजवायची, बाथरूममध्ये पायांनी तुडवायची, दोनदा साध्या पाण्यातून काढायची, आणि दोघांनी दोन टोकं धरून पिळायची. नंतर गच्चीच्या कठड्यावर टाकायची, दोरीवर नाही; दोरीवर ओझ्याने मधोमध ताण बसतो. फेब्रुवारीच्या उन्हात संध्याकाळपर्यंत खडखडीत. सासूबाई सांगतात, दसऱ्याच्या आधी अख्खं गाव घरातली सगळी अंथरुणं-पांघरुणं घेऊन दारणेवर असायचं, खडकांवर गोधड्या वाळत घातल्या की नदीचा काठ रंगीत दिसायचा. फ्लॅटमध्ये आपल्याला सोसायटीच्या गच्चीची किल्ली मागायला जावं लागतं, आणि 'किती वेळ?' या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं. दुसरा मार्क इथे.

तिसरा पावसाळ्यात. जूनच्या शेवटापासून तिला एक कुबट वास धरतो. सुताला दमट हवा लागली की लागते, त्याला इलाज नाही. अधेमधे ऊन पडलं की तासभर बाहेर, एरवी कपाटात कडुनिंबाचा पाला. धुवायची तर मुळीच नाही, तीन दिवस वाळत नाही. सध्या ती घडी करून वर ठेवलीय आणि आम्ही सोलापुरी चादरींवर आहोत. त्या पांघरायला चांगल्याच, पण मुलगा रोज विचारतो, कधी काढणार.

टिकाऊपणा: काठ आधी झिजतो, विशेषतः डोक्याकडचा, कारण तोच हनुवटीखाली ओढला जातो. तिथे उरलेल्या साडीची पट्टी दुमडून लावलीय. पायाकडे दोन ओळींचा दोरा तुटला होता, बसल्या जागी पंधरा मिनिटांत घातला. हाताच्या शिवणीची ही सोय मोठी आहे. मशीनची टीप जुन्या कापडावर मारली की ओळीने भोकं पडतात आणि ताण आला की कापड तिथेच फाटतं. शिवाय मशीनखाली सहा थर सरकतात, मध्ये फुगे येतात. हाताचा धावदोरा सैल असतो, कापडाबरोबर हलतो. धुतल्यावर थोडी आटली आणि टाक्यांच्या मध्ये बारीक सुरकुत्या पडल्या, त्या मला शिवली तेव्हापेक्षा आता जास्त आवडतात.

एक अनपेक्षित फायदा: रात्री झोप येत नसेल तर मी हाताने ओळी चाचपत पडते. काठाजवळच्या माझ्या पहिल्या ओळी वाकड्या, टाके लांब. आत येता येता बारीक होत जातात. मध्यावर पोचलं की सासूबाईंनी घातलेला शेवटचा चौकोन लागतो. त्यांचे टाके माझ्याहून निम्मे आहेत, अंधारातही कळतात. एवढ्यात बहुतेक वेळा झोप लागते.

कुणाला शिवायची असेल तर: सहाऐवजी आठ थर घ्या, पण त्याहून जास्त पहिल्याच खेपेला नको, बोटं सोलतात. दोरा एकाच वेळी पुरेसा घ्या, नंतर तोच रंग मिळत नाही. गुडघे-कंबर दुखत असेल तर कच्चे टाके जमिनीवर घालून पुढचं काम पलंगावर बसून करता येतं, सासूबाई आता तसंच करतात. मांजर असेल तर मला काही सांगता येणार नाही, आमच्याकडे नाही.

सध्या नणंदेच्या बाळासाठी दुपटं चाललंय. तीनच थर, धोतराचं कापड, ओळी एका बोटाच्या अंतराने. मुलाचं म्हणणं, यालाही खिसा लाव. तान्ह्या बाळाच्या दुपट्याला कसला खिसा, असं सासूबाईंचं मत. नणंदेला विचारलंय, उत्तर यायचंय.