सांदवाडीत बडीशेपेच्या वासाचं पान: अ‍ॅनिस हिसॉप लावावं, सब्जा की बडीशेप?

चहात टाकायला बडीशेपेच्या वासाचं ताजं पान हवं, आणि त्याच झाडावर मधमाश्या येऊन शेजारच्या काकडी-दोडक्यालाही फळ धरावं, एवढी अपेक्षा असेल तर आपल्याकडे विदर्भात, घरामागच्या सांदवाडीत तीन झाडांचा विचार करता येतो. एक अ‍ॅनिस हिसॉप, ज्याचं बी आता ऑनलाइन मिळतं. दुसरा सब्जा. तिसरी खुद्द बडीशेप. माझं मत आधीच सांगते. असं झाड घरी पहिल्यांदाच येत असेल तर सब्जा लावा. दिवाळी ते होळी रोपांकडे रोज बघणारं कुणी घरी असेल तर अ‍ॅनिस हिसॉप जरूर लावा, पण रब्बीचं पीक धरून. बडीशेप लावायची ती दाण्यासाठी.

अ‍ॅनिस हिसॉप तुळस-पुदिन्याच्याच कुळातलं, मूळचं उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानांतलं. तिथले मूळ रहिवासी त्याच्या पानांचा चहा करत आले, आणि १८७० च्या दशकात तिथल्या मधपाळांनी ते मधासाठी म्हणून लावलं. दोन ते चार फूट वाढतं, शेंड्याला निळसर जांभळे तुरे येतात. थंडीत वरचा भाग वाळतो, मूळ बर्फाखाली तग धरतं आणि वसंतात पुन्हा फुटतं. म्हणून पाकिटावर ‘बहुवर्षायू’ असं छापलेलं असतं. ते तिथल्या हवामानाला धरून आहे. आपल्या हिवाळ्याचं या झाडाला काहीच वाटत नाही, त्याला जड जातो तो मे आणि त्यानंतरचा श्रावण. चंद्रपूर, नागपूर, अकोल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, नवतप्यात मातीच तापते. त्यातून वाचलेलं झाड पुढे काळ्या जमिनीतल्या साचलेल्या पाण्यात मुळापासून सडतं. भिंतीच्या सावलीत, हिरव्या जाळीखाली, कुंडीत एखादं झाड राखता येईलही. पण सगळा हिशेब त्यावर मांडू नये.

सब्जाचं गणित उलटं आहे. त्याला ऊब हवी, थंडी त्याला सोसत नाही. मृगाचा पाऊस झाला की फेकलेलं बी आठवड्याच्या आत उगवतं, दोन-अडीच महिन्यांत फुलावर येतं, आणि तुरे खुडत राहिलं की पुन्हा पुन्हा फुटतं. पाणी दिलं तर फेब्रुवारीत पेरलेला सब्जा उन्हाळ्यातही पान देतो. दोन-चार तुरे झाडावर वाळू दिले की पुढच्या वर्षीचं बी घरचंच. शरबतात भिजवून घालतो तेच हे बी, त्यामुळे उरलेलं वाया जात नाही.

आता वासाचं. अ‍ॅनिस हिसॉपच्या पानाला जो गोडसर वास असतो तो मुख्यतः मिथाइल चॅविकॉल या द्रव्याचा. हेच द्रव्य आपल्याकडच्या सब्जाच्या अनेक वाणांतही भरपूर असतं. लखनौच्या सीमॅप या औषधी-सुगंधी वनस्पतींच्या संशोधन संस्थेची ‘सिम-सौम्या’ ही जात तर त्यासाठीच ओळखली जाते. बडीशेपेचा वास वेगळ्या द्रव्याचा, अ‍ॅनेथॉलचा, पण नाकाला दोन्ही जवळचेच. म्हणजे ज्या वासासाठी परदेशी बी मागवायचं तो वास आपल्या धुऱ्यावर उगवू शकतो. मात्र सगळा सब्जा सारखा नसतो. काहींचा वास लवंगेकडे झुकतो, काहींचा लिंबाकडे. म्हणून चिमूटभर बी दाट पेरावं, रोपं चार-सहा पानांवर आली की एकेकाचं पान चुरगळून हुंगावं, बडीशेपेचा वास येतो तेवढीच रोपं ठेवावीत आणि बाकीची उपटावीत. हे काम पोरांना द्या, त्यांची नाकं तिखट असतात.

कपात मात्र मला फरक जाणवतो. अ‍ॅनिस हिसॉपचं पान अधिक गोड लागतं, सब्जाला मागून तुळशीसारखा तिखटपणा येतो. दुधाच्या चहात तो फारसा कळत नाही. नुसत्या पाण्यात पान उकळून पिणार असाल तर अ‍ॅनिस हिसॉपच सरस, आणि त्यासाठी थोडी मेहनत घ्यावी असं मला मनापासून वाटतं. दोन्हींत तेच द्रव्य असल्यामुळे एक काळजीही तीच: कधीमधी चहात दोन-चार पानं ठीक, पण गरोदर बाईला आणि लहान लेकरांना रोजचा काढा करून देऊ नये.

ही मेहनत नेमकी कुठे लागते ते नीट सांगते, कारण अ‍ॅनिस हिसॉप बहुतेकांच्या हातून जातं ते पेरणीतच. बी फार बारीक असतं, एका ग्रॅममध्ये अडीच-तीन हजार दाणे सहज. आपल्या हाताला सवय असते बी मातीत दाबून वर माती ओढायची. या बियाला उगवायला उजेड लागतो, झाकलं की ते तसंच पडून राहतं. ट्रे किंवा पसरट कुंडी घ्यावी, त्यात चाळलेलं गांडूळखत आणि बारीक रेती किंवा कोकोपीट निम्मंनिम्मं भरावं, आधी पाणी देऊन ओलं करून घ्यावं. बी चिमूटभर कोरड्या रेतीत मिसळून वरून भुरभुरावं आणि तळव्याने हलकेच दाबावं, एवढंच. झारीच्या धारेने ते वाहून एका कोपऱ्यात गोळा होतं, म्हणून पाणी खालून द्यावं: ट्रे पाण्याच्या परातीत ठेवायचा, वरची माती काळसर ओली दिसली की उचलायचा. वरून काच किंवा पारदर्शक प्लॅस्टिक ठेवलं तर ओल टिकते, पण थेट उन्हात तसं ठेवलं तर आत वाफ धरून रोपं भाजतात.

थंडीचा संस्कार दिला तर उगवण एकसारखी होते, तो दिलाच पाहिजे असं नाही. द्यायचा असेल तर ओलसर रेतीत बी मिसळून, डबीत घालून, फ्रीजच्या खालच्या कप्प्यात तीन-चार आठवडे ठेवावं. बर्फाच्या कप्प्यात नको. नवरात्राच्या सुमारास डबी फ्रीजमध्ये गेली की ऑक्टोबरचा चटका ओसरून रात्री गार पडू लागतात तेव्हा बी पेरणीला तयार असतं. एक ते तीन आठवड्यांत कोंब दिसतात. सुरुवातीला ते इतके बारीक असतात की गवत समजून उपटले जातात. खऱ्या पानांची दुसरी जोडी आली की बोटांत हलकेच चोळून बघा, वास आला की ओळख पटली. चार-सहा पानांवर रोपं फूटभर अंतरावर लावावीत. फुलं फेब्रुवारीच्या आसपास धरा.

बडीशेपेला यातलं काहीच लागत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात जागेवरच पेरायची, कारण सोटमूळ असल्याने उपटून लावलेलं तिला मानवत नाही. दाणा हाती यायला पाच-सहा महिने लागतात, ढगाळ हवेत मावा पडतो. तिच्या छत्रीसारख्या फुलांवर मावा खाणारे लेडीबर्ड भुंगे आणि फूलमाश्या येतात, तो सांदवाडीला मोठा फायदा आहे.

मधमाश्या बडीशेपेवरही येतात, पण त्यांच्यासाठी म्हणून लावायचं तर मी अ‍ॅनिस हिसॉप आणि सब्जा हेच दोन निवडेन. सब्जावर पावसाळ्यापासूनच फुलोरी आणि सातेरी माश्या सकाळी दिसू लागतात. अ‍ॅनिस हिसॉपचे तुरे जानेवारी-फेब्रुवारीच्या संत्र्याच्या आंबिया बहारानंतर रेंगाळतात, उन्हाळी काकडी-दोडका फुलू लागतो त्याच सुमारास. अमरावती-वरुडकडे ज्यांची घरं संत्र्याच्या बागांना लागून आहेत, त्यांना हा मेळ चांगला साधेल. बहार संपल्यावर माश्यांना पुढचं खाद्य तिथेच मिळतं.

जमीन बघून निर्णय बदलू शकतो. मुरमाड, बरड जमीन असेल तर अ‍ॅनिस हिसॉप थेट वाफ्यात चालेल, त्याला निचरा हवा आणि खताचा फार सोस नाही. भारी काळ्या जमिनीत वीतभर उंच गादीवाफा करून त्यात मुरूम आणि शेणखत मिसळावं, नाहीतर कुंडीच बरी. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या झाडीपट्टीत पाऊस जास्त, तिथे पावसाळ्यात ते टिकवायचा खटाटोप करू नका, मार्चमध्ये बी धरून मोकळे व्हा. मोरीच्या सांडपाण्यावर जे काही लावायचं ते पुदिना असावा, हे तिघंही नकोत. फेब्रुवारीपासून बुडाशी तुरीचं किंवा सोयाबीनचं कुटार पसरलं तर दोन पाण्यांतलं अंतर वाढतं.

बी मागवताना पाकिटावरचं शास्त्रीय नाव बघाच. ‘अगस्ताखे फेनिक्युलम’ म्हणजे आपल्याला हवं ते. ‘हिसोपस ऑफिसिनॅलिस’ हे वेगळं, कडवट चवीचं झाड आहे, त्याला बडीशेपेचा वास नाही. ‘अगस्ताखे रुगोसा’, म्हणजे कोरियन मिंट, मिळालं तर मी तेच आधी लावून बघेन. चव जवळपास तीच, आणि ते मूळचं चीन, कोरिया, जपानचं, जिथे उन्हाळ्यातच पाऊस पडतो. पाकीट एकदम रिकामं करू नका. निम्मं बी कोरड्या काचेच्या बाटलीत घट्ट बूच लावून फ्रीजमध्ये ठेवा. पहिली पेरणी ऑक्टोबरच्या चटक्यात गेली तर नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत दुसरी करता येते.