थायरॉइड, लोह, कॅल्शियम आणि आमचा चहा: गोळ्यांचं वेळापत्रक काही महिने पाळल्यावर

पावसाच्या तोंडावर सुरू केलेलं वेळापत्रक शिमग्यापर्यंत टिकलं, तेव्हा आता त्यावर लिहायला हरकत नाही. आम्ही वेंगुर्ल्याकडचे. घरात गोळ्या खाणाऱ्या दोघी: मी, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन कमी असलेली, आणि सासूबाई, ज्यांना साखरही आहे आणि गुडघेही आहेत. कंपन्यांची नावं देत नाही. गोळी कुठल्या कंपनीची यापेक्षा ती कशाबरोबर पोटात जाते यानेच जास्त फरक पडतो, असं माझं मत झालंय.

आधी माझी सकाळ. थायरॉइडची गोळी उठल्याउठल्या साध्या पाण्याबरोबर, पुढे तासभर काही नाही. लोह आणि कॅल्शियम तिच्यापासून चार तास लांब, कारण दोन्ही तिला आतड्यातच अडकवतात आणि रक्तात जायचं ते कमी जातं. मग येतो चहा. चहातली टॅनिनं लोहाला बांधून टाकतात, शोषण निम्म्याहून जास्त घटू शकतं. म्हणजे सहाला थायरॉइड, सातला चहा-घावणे, आणि लोहाला जागा उरते ती अकराच्या सुमारास. अर्ध्या लिंबाच्या पाण्याबरोबर घेते, क जीवनसत्त्वाने लोह चांगलं अंगी लागतं. शेजारणीने विचारलं, कोकम सरबत चालेल का? कोकमाचा आंबटपणा मुख्यतः वेगळ्याच आम्लाचा. क जीवनसत्त्वासाठी लिंबू नाहीतर आवळाच बरा.

लोहाची गोळी पहिल्यांदा रोज होती. शौचाला काळं होतं, ते होणारच, त्यात घाबरण्यासारखं नाही. पण बद्धकोष्ठ इतकं की जेवणावरची वासना उडाली. डॉक्टरांनी ती दिवसाआड केली. लोहाचा डोस गेला की शरीरात हेपसिडिन नावाचं संप्रेरक वाढतं आणि साधारण दिवसभर पुढच्या लोहाला आत यायला अडवतं. त्यामुळे दिवसाआड घेतलेल्या गोळीतलं लोह तुलनेने जास्त शोषलं जातं. मला हे मानवलं, पोटही सुटलं. पण हा बदल डॉक्टरांना विचारूनच करायचा. गरोदर बायकांना आशाताई रोजची लाल गोळी देतात, 60 मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक अॅसिडची, ती तशीच रोज घ्यायची.

सासूबाईंचं कॅल्शियम कार्बोनेटचं आहे. पाकिटावर 1250 मिलिग्रॅम लिहिलेलं, पण त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम 500 च. हे बारीक अक्षरात असतं, भिंग घेऊन वाचा. एका वेळी शरीर साधारण एवढंच नीट घेऊ शकतं, म्हणून दोन गोळ्या एकदम गिळण्यात अर्थ नाही. एक दुपारच्या जेवणाबरोबर, एक रात्रीच्या. जेवणाबरोबरच, कारण कार्बोनेट विरघळायला पोटातलं आम्ल लागतं. रोज पित्ताची गोळी घेणाऱ्यांनी सायट्रेटच्या प्रकाराबद्दल विचारावं, त्याला आम्लाची तेवढी गरज नसते. साखरेची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली की बी-12 घटू शकतं. सासूबाईंच्या पायाला मुंग्या यायच्या, आम्ही ते वयावर ढकलत होतो. डॉक्टरांनी तपासणी करून बी-12 सुरू केलं, आता मुंग्या कमी आहेत. बी-12 ला चहाचं वावडं नाही, म्हणून ती त्यांची सगळ्यात लाडकी गोळी. बाकीच्यांबद्दल त्यांचा निकाल पहिल्याच आठवड्यात लागला होता: "चायेचो टायम मी बदलूचंय नाय. गोळयेक सांग रवाक." तेव्हा चहा जागेवर ठेवून गोळ्या भोवती बसवल्या. माझ्या मते वेळापत्रक टिकलं ते यामुळेच.

डी-3 ची 60,000 युनिटची पुडी आठवड्यातून एकदा, रविवारी, माशांच्या जेवणानंतर. हे जीवनसत्त्व तेला-तुपात विरघळणारं, नारळाच्या कढीबरोबर ते चांगलं बसतं. इथे मात्र डोळ्यात तेल घालून बघा. पुडी आठवड्याची असते, रोजची नव्हे, आणि डॉक्टरांनी सांगितलेले आठवडे संपले की थांबायचं. जास्त झालं तर रक्तात कॅल्शियम चढतं: मळमळ, सारखी तहान, बद्धकोष्ठ, गोंधळल्यासारखं होणं, मूत्रपिंडावर ताण. शिवाय कॅल्शियमच्या गोळीतही डी-3 असतंच, मल्टिव्हिटॅमिनमध्येही असतं. सगळ्यांची बेरीज करा.

आपल्याकडची खास गोष्ट लावणीतली. लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्या-चिखलातून होणारा ताप, होऊ नये म्हणून शेतात उतरणाऱ्यांना आठवड्याला डॉक्सिसायक्लिन ही प्रतिजैविक गोळी देतात. लोह, कॅल्शियम, झिंक, मॅग्नेशियम यांच्याबरोबर ती घेतली तर तिचा असर घटतो, आणि चिखलात उभं राहणाऱ्याला हे परवडणारं नाही. मी आणि दीर दोघं लावणीला होतो. डॉक्टरांनी त्या दिवशी मला लोह बंदच ठेवायला सांगितलं. डॉक्सी भरपूर पाण्याबरोबर, बसून घ्यायची. घेऊन लगेच आडवं पडलं तर अन्ननलिकेला जखम होऊ शकते.

आता डब्याबद्दल. सात खणांचा प्लॅस्टिकचा डबा कुडाळच्या बाजारातून घेतला. उन्हाळ्यात झकास. आषाढात त्यात सुट्या टाकलेल्या कॅप्सूल एकमेकींना चिकटून बसल्या, आणि क जीवनसत्त्वाच्या गोळीवर तपकिरी ठिपके आले. तेव्हापासून पाकीट कात्रीने कापून, गोळी फॉइलमध्येच ठेवून खणात टाकते. डबा फ्रीजवर किंवा चुलीजवळ नको, कपाटात बरा. आणि मुलांच्या हाताला लागणार नाही असा उंच, कारण लोहाच्या मूठभर गोळ्या लहान मुलाच्या जिवावर बेततात.

मुंबईहून भाचीने केसांसाठी पाठवलेल्या गोड गोळ्या मी परत घेणार नाही. त्यात बायोटिन, म्हणजे ब गटातलं एक जीवनसत्त्व, भरपूर. ते थायरॉइडच्या रक्ततपासणीत चुकीचे आकडे दाखवू शकतं, म्हणून तपासणीआधी निदान दोन दिवस बंद ठेवायला सांगतात. मला असली कटकट नको. मल्टिव्हिटॅमिनही सोडलं. एकाच गोळीत लोह, कॅल्शियम, झिंक कोंबलेलं, मग वेळा सांभाळायच्या कशाला? त्यापेक्षा नाचणीची भाकरी आणि काट्यासकट खाल्लेली तारली बरी, त्यातून कॅल्शियम मिळतं आणि वेळ बघावी लागत नाही.

मुतखडा झालेल्यांनी, रक्त पातळ करायची वॉरफरिन घेणाऱ्यांनी आणि थॅलेसेमिया असलेल्यांनी माझं वेळापत्रक उचलू नये. घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ओतावीत, आम्ही तेच केलं.

माझं हिमोग्लोबिन आता 12 च्या वर आहे, पण गोळी थांबवलेली नाही. साठा भरायला त्यानंतरही साधारण तीन महिने लागतात. मग फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी, बघून डॉक्टर ठरवतील.